दूधसागरला उतरायचं नाही, गाडीतच बसायचं : लोंढा ते कुळे आणि परत

बेळगावात जुलै लागला की प्रत्येक फॅमिली ग्रुपवर दूधसागरचा तोच व्हिडिओ फिरायला लागतो, पुलावरून गाडी चाललीय आणि मागं सगळा डोंगर पांढरा झालाय, आणि खाली कुणीतरी विचारतंच की हे कसं जायचं, कुठं उतरायचं, किती चालायचं. मी यंदा श्रावणात आत्याला आणि माझ्या पोराला घेऊन जाऊन आले, जाताना आणि येताना दोन्ही वेळा घाट उजेडात बघायला मिळाला, तेव्हापासून एवढ्या लोकांनी विचारलं की म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं. तर पहिलीच गोष्ट, धबधब्यापाशी उतरायचंच नाही. दूधसागर हा गाडीत बसून बघायचा धबधबा आहे, आणि खरं सांगू का, बघायचा असतो तो घाट, धबधबा म्हणजे त्या घाटातलं एक वळण.

आत्याला न्यायचं कारण असं की तिचे मिस्टर, म्हणजे आमचे मामा, रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे, होते आणि बरीच वर्षं घाटाच्या माथ्यावरच्या कॅसलरॉक स्टेशनला होते. तेव्हा मीटरगेज, म्हणजे अरुंद रूळ होते. लग्न होऊन आत्या थेट त्या रेल्वे क्वार्टरमध्येच आली, तिथंच दोन्ही पोरं झाली, आणि मामा रिटायर झाल्यावर खानापुरात घर बांधून राहिले ते राहिलेच. मामा गेले त्याला बरीच वर्षं झाली. रुंद रूळ, म्हणजे ब्रॉडगेज झाल्यापासून आत्या त्या घाटातनं गेलेलीच नव्हती, गोव्याला जायचं झालं तर पोरं गाडीनं चोर्ला घाटातनं नाहीतर अनमोडनं नेतात. ती कधी मागणार नाही, पण टीव्हीवर दूधसागर दिसला की हातातलं काम थांबतं तिचं, हे मी कितीदा बघितलंय.

तिकिटाचं आधी सांगते कारण तिथंच लोकांचा गोंधळ होतो. घाट उजेडात बघायचा असेल तर गाडीची वेळ बघून ठरवायचं, नाव बघून नाही. बेळगाववरनं गोव्याला जाणाऱ्या काही गाड्या रात्री नाहीतर पहाटे घाट उतरतात, त्यात बसलात तर बाहेर काळोख आणि आत घोरणारी माणसं, बास. आम्ही सकाळी बेळगावहून लोंढ्याला गेलो आणि तिथनं हुबळीकडून येणारी वास्कोची गाडी पकडली, घाटाच्या पायथ्याला गोव्यातल्या कुळ्याला उतरलो, आणि परत यायला वास्कोहून निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस, ती दुपारी वास्को सोडते आणि कुळे, कॅसलरॉक, लोंढा करत रात्री बेळगावला आणून सोडते. वेळा बदलत असतात तेव्हा जायच्या आदल्या दिवशी ॲपवर एकदा बघूनच घ्या. आणि एसीचं तिकीट काढू नका, प्लीज. त्या काचा उघडत नाहीत, वरनं पिवळट, पाऊस लागला की धुरकट होतात, म्हणजे घाट सगळा टीव्ही खराब झाल्यासारखा दिसतो. स्लीपर काढा. अंतर एवढंसं असलं तरी स्लीपरला कमीत कमी 200 किलोमीटरचं भाडं पडतंच, पण उघडी खिडकी मिळते ना, त्याचे ते पैसे आहेत असं समजायचं. मुंबई-मडगाव जनशताब्दीला काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबा आहे तसा आमच्या गाडीला काही नव्हता आणि मला तर तो हवासाही वाटला नाही, कारण या घाटात नुसतं बघायचं नसतं, वारा आणि आवाजही लागतो.

वार मुद्दाम सुट्टीचा नाही धरला. शनिवार-रविवार पावसाळ्यात त्या गाड्यांना इतकी गर्दी असते की दारात उभं राहायलाही जागा नाही.

बेळगाव ते लोंढा एक्कावन्न किलोमीटर, आपल्याला रोजचाच वाटणारा रस्ता. देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी. आमच्या पोराचं डोकं फोनातच. पण याच तुकड्यात एक गोष्ट घडते जी मला आत्यानं दाखवली आणि तेव्हापासून मला हा सगळा प्रवासच वेगळा वाटायला लागलाय. खानापूरजवळ पुलावरनं गाडी जाते ती मलप्रभा. ती कणकुंबीला उगवते, म्हणजे जवळजवळ गोव्याच्या डोक्यावर, समुद्र तिथनं अगदी जवळ, पण ती तिकडं वळतच नाही, पूर्वेला जाते, सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगराजवळनं पुढं जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. गुंजी सोडून लोंढ्याकडं उतरलं की पाणी फिरलं. लोंढ्याची पांढरी नदी काळीला जाऊन मिळते आणि काळी कारवारला समुद्रात. आणि कॅसलरॉक ओलांडून घाटात शिरलात की तिथला प्रत्येक ओहोळ मांडवीचा, म्हणजे पणजीचा. एका सकाळच्या प्रवासात तीन नद्यांची तीन खोरी, आणि मधे ना बोर्ड ना रेष. म्हादईच्या, म्हणजे याच मांडवीच्या पाण्यावरनं दोन राज्यं इतकी वर्षं भांडतायत, पेपरात रोज वाचतो आपण, पण ते पाणी नेमकं कुठं कुठल्या बाजूला वळतं हे मला या खिडकीत बसून पहिल्यांदा डोळ्यांनी कळलं. आत्या म्हणाली, "तुझे मामा म्हणायचे, हितं छपराच्या या वळचणीचं पाणी एका समुद्राला आणि त्या वळचणीचं दुसऱ्या." ते अगदी शब्दशः खरं नसेल पण खानापूर तालुक्याचं याहून चांगलं वर्णन मला तरी माहीत नाही.

खानापुरात खिडकीतून कौलांच्या जुन्या भट्ट्या आत्यानं पोराला दाखवल्या, तिथल्या मातीची कौलं आणि भांडी पूर्वीपासून नावाजलेली, मातीकामाची सरकारी शिक्षणसंस्थाही तिथं आहे. गुंजीला तिनं बसल्या जागी माउलीला हात जोडले.

लोंढ्याला गाडी यायला वेळ होता. लोंढा जंक्शन ज्यांनी जुनं बघितलंय त्यांनाच त्याचा मोठेपणा माहीत, एकेकाळी मिरजेकडची, हुबळीकडची आणि गोव्याकडची माणसं इथं उतरून गाड्या बदलायची, रात्रभर प्लॅटफॉर्म जागा असायचा. आम्ही उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, कागदाच्या पुडीत, गरम, मिठाच्या पाण्यानं पुडी ओली झालेली. घरनं भाकरी, झुणका, खरडा आणि दही आणलं होतं पण आत्या म्हणाली भाकरी कॅसलरॉक गेल्यावर, तोपर्यंत शेंगा.

लोंढा सुटलं, तिनईघाट गेलं, आणि जंगल गाडीला घासायला लागलं. हे खरोखर म्हणतेय, खिडकीतून हात बाहेर काढला तर पानं लागतील इतकं जवळ, म्हणूनच हात बाहेर काढायचा नाही. हवा बदलते. बेळगावचा पाऊस म्हणजे झिरमिर, दिवसभर रेंगाळणारा, पण इथला पाऊस एकदम अंगावर येतो, थांबतो, ढग डब्यात शिरतो आणि समोरच्या बाकावरचा माणूस पुसट दिसायला लागतो.

कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबली. नवखी माणसं वैतागतात, क्रॉसिंग आहे का, उशीर का, पण या थांब्याला कारण आहे. इथून कुळ्यापर्यंत 26 किलोमीटरमध्ये लाईन सरळ डोंगर उतरते, चढ 37 ला 1, म्हणजे सदतीस मीटर पुढं गेलात की एक मीटर खाली. रस्त्यानं जाणाऱ्याला हे काहीच वाटणार नाही पण लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक, वर पाऊस, आणि मागं अख्खी गाडी लोटायला, तिथं हा उतार म्हणजे फार मोठा. म्हणून खाली सोडायच्या आधी ब्रेक तपासतात. आत्या प्लॅटफॉर्मवर उतरली नाही, मी म्हटलं चल दोन मिनिटं, तर नको म्हणाली. दारातनंच बघत होती. क्वार्टर कुठं होतं ते हातानं दाखवलं, मला झाडंच दिसली. मग म्हणाली, "जून ते सप्टेंबर कपडे वाळायचेच न्हाईत गं. चुलीवर दोरी बांधून वाळवायचं. पोरांच्या लंगोटांना कायम धुराचा वास." आणि जळवा. सकाळी चूल पेटवायच्या आधी उंबऱ्यावर मीठ टाकायची म्हणे, नाहीतर त्या सरळ घरात.

पोरानं फोन खाली ठेवला तो इथं. तिनं सांगितलं नव्हतं, त्यानंच विचारलं, "आज्जी, इथं बॉर्डर होती ना?" होतीच की. कॅसलरॉक म्हणजे इंग्रजांच्या हद्दीतलं शेवटचं स्टेशन, पुढं पोर्तुगीजांचा गोवा. 1878 साली इंग्रज आणि पोर्तुगीजांचा करार झाला आणि मुरगाव बंदरापासून ही लाईन घालायचं ठरलं, घाटाचं काम सगळ्यात अवघड, ते संपून 1888 ला गाड्या सुरू झाल्या. इथं कस्टमची तपासणी व्हायची, पेट्या उघडायला लावायचे. 1955 मध्ये गोवा मुक्तीच्या सत्याग्रहाच्या दिवसांत ही वाहतूक बंद पडली आणि 1961 च्या डिसेंबरात गोवा मोकळा होईपर्यंत या रुळांवरनं पलीकडं जाणं नव्हतं. आमचं बेळगाव त्या चळवळीचं मोठं ठाणं, सत्याग्रहींच्या तुकड्या इथं जमायच्या, जेवायच्या आणि सरहद्दीकडं जायच्या. आज गाडी ती हद्द ओलांडते तेव्हा फोनवर गोव्यात स्वागत असा मेसेजही येत नाही, कारण रेंजच नसते.

आणि मग घाट. गाडी सुटते पण सुटल्यासारखी वाटतच नाही. इंजिन ओढत नसतं, धरून ठेवत असतं. आवाज सगळा चाकातनं येतो, बारीक किंचाळल्यासारखा, मधेच थांबतो, परत येतो, आणि तापलेल्या लोखंडाचा वास डब्यात पसरतो, बाहेरच्या ओल्या मातीच्या वासात मिसळून. आत्या म्हणाली, "हाच वास." बास, एवढंच. बोगदा आला, पोरं डब्यात ओरडायला लागली, बोगदा गेला, पूल आला, परत बोगदा. बोगदे दगडात फोडलेले आहेत, आतनं पाणी गळतं, खिडकीतनं शिंतोडे येतात ते पावसाचे की डोंगराचे कळत नाही. कुठं कड्यावरनं पाण्याची एक धार सरळ गाडीच्या टपावर पडते आणि डबाभर ताशा वाजवल्यासारखा आवाज होतो. असले बिननावाचे धबधबे इतके आहेत की पोरानं मोजायला घेतले आणि सोडून दिले. लोक यातलं काही बघत नाहीत. आमच्या डब्यातली एक मोठी गँग होती, चांगली मुलं होती, पण करंझोळ स्टेशन येईपर्यंत पत्ते खेळत होती आणि दर पाच मिनिटांनी एकजण विचारायचा, आला का दूधसागर. अरे बाबांनो, बाहेर बघा की, हेच तर आहे.

एका बोगद्यात मी दारापासून दोन हात आत उभी होते, मागं आत्या. गाडी अगदी हळू. बोगद्याच्या भिंतीत मधे मधे कोनाडे ठेवलेले असतात, काम करणाऱ्यानं गाडी आली की आत सरकून उभं राहायला. त्यातल्या एका कोनाड्यात माणूस उभा होता. पिवळा रेनकोट, त्यावरनं पाणी निथळतंय, पाठ दगडाला टेकवलेली, हातात गुंडाळलेला झेंडा आणि खांद्याला पिशवी. आमच्या डब्याच्या उजेडात चेहरा दिसला तो जेमतेम क्षणभर, वय असेल पंचविशीचं, डोळे गाडीच्या चाकांकडं, आमच्याकडं नाही. आत्यानं हात वर केला. त्याला दिसला की नाही माहीत नाही. मग ती सीटवर येऊन बसली आणि जे सांगितलं ते मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मामांची पावसाळी गस्त असायची, रात्रीची. एक माणूस, एक कंदील, फटाके आणि झेंडा. फटाके म्हणजे दिवाळीतले नव्हेत, रुळावर बांधायचे, इंजिनाचं चाक वरनं गेलं की बार होतो आणि ड्रायव्हरला कळतं पुढं धोका आहे. दरड पडलीय का, रुळाखालची खडी वाहून गेलीय का, झाड आडवं आहे का, हे बघत आपल्या हद्दीच्या टोकापर्यंत चालत जायचं, तिकडच्या गस्तीवाल्याला भेटायचं, वही बदलायची, परत यायचं. पावसात दहा हातांवरचं दिसत नाही, मागनं गाडी आली तर आवाजही पाण्यात बुडालेला. "मी दार लावायचीच न्हाई," आत्या म्हणाली, "कडी न घालता बसायची. गाडी शिट्टी मारून सुखरूप वर आली की समजायचं हे बी येतील आता."

हे जुनं झालं असं कुणाला वाटत असेल तर 2021 चा जुलै आठवा. 23 तारखेला दूधसागर आणि सोनावली या स्टेशनांमधे दरड कोसळून मंगळुरूहून मुंबईला निघालेली गाडी रुळावरनं घसरली, कोकण रेल्वेवर पाणी होतं म्हणून ती इकडनं वळवली होती. कुणाला इजा झाली नाही. आता बोगद्यात त्या पोराकडं वॉकी-टॉकी असेल, टॉर्च असेल, पण डोंगर तोच आणि चालायचं पायांनीच. मला मनापासून वाटतं की दूधसागरचे लाखो व्हिडिओ फिरतात त्यातल्या एका तरी व्हिडिओत ही माणसं दिसायला पाहिजेत, कारण आपण खिडकीत भाकरी खात घाट उतरतो तो यांच्या भरवशावर.

दूधसागर स्टेशनाच्या आधी डब्यात सगळे उठले. कुठल्या बाजूला बसायचं यावर लोक नेटवर भांडत असतात, त्याला काही अर्थ नाही, कारण पुलावर एका हाताला पाणी वरनं अंगावर येतं आणि तेच पाणी पुलाच्या कमानींखालनं जाऊन दुसऱ्या हाताला दरीत उडी घेतं. एकूण 310 मीटरची उंची, टप्प्याटप्प्यांनी पडतं, आणि रुळ त्याच्या साधारण पोटातनं गेलेत. म्हणजे समोरनं बघत नाही आपण, धबधब्याच्या आतनं जातो. गाडी पुलावर आली तेव्हा आधी आवाज गेला, म्हणजे माणसांचे, चाकांचे सगळे आवाज त्या एका आवाजात गेले, मग गार वारा आला आणि त्याच्याबरोबर पाण्याची वाफ, सगळ्यांचे चेहरे, केस, चष्मे ओले. ढग आडवा होता, वरचं टोक दिसलंच नाही, पाणी ढगातनंच निघत होतं. पोरगा काही बोलला नाही, त्यानं माझा दंड घट्ट धरला होता. आणि संपलं. दोन मिनिटं फार तर. पुढं वळण घेतल्यावर मागं वळून बघितलं तर पूर्ण धबधबा आणि त्याच्या मधे तो छोटासा पूल, ज्यावरनं आपण आत्ता आलो, हे दृश्य खरं तर जास्त भारी, पण तोवर निम्मे लोक फोनात फोटो बघायला खाली बसलेले असतात.

आता उतरण्याबद्दल. दूधसागर स्टेशनात गाडी थांबते ती ब्रेकसाठी, घाटाच्या नियमांसाठी, आपल्याला उतरायला नाही. तिथून धबधब्याकडं रुळावरनं चालत जातात लोक, हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 खाली गुन्हा आहे, दंड आणि कैद दोन्ही होऊ शकते. 2023 च्या जुलैमध्ये इतकी गर्दी झाली की रेल्वे पोलिसांनी रुळावर आलेल्या ट्रेकर्सना उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला आणि हसले. मला हसू नाही आलं. बोगद्यात आत शिरल्यावर समोरनं गाडी आली तर जायचं कुठं? कोनाड्यात असे किती जण मावणार? आमच्याच डब्यात एक मुलगा दाराच्या दांड्याला लोंबकळून, पाय पायरीवर, रील काढत होता, खाली ओलं लोखंड. आत्या उठली आणि त्याच्या शर्टाला धरून आत ओढलं. "आत ये बघू. घरात आई वाट बघालीया तुझी." तो आधी चिडला, मग तिच्याकडं बघितलं आणि गपचूप आत बसला, आणि पुढं कुळ्यापर्यंत तिच्याशी गप्पा मारत होता, धारवाडचा निघाला, अर्धं मराठी अर्धं कन्नड असं त्यांचं छान चाललं होतं.

सोनावली, मग जंगल उघडं होत गेलं, सुपारीची झाडं दिसली, कुळे. हवा एकदम उबट. कान उघडल्यासारखे वाटतात कारण चाकांचं किंचाळणं बंद होतं. कुळ्याहून धबधब्याच्या पायथ्याशी जीपनं जाता येतं, भगवान महावीर अभयारण्यातनं, ओढ्यांच्या पाण्यातनं, पण ते पावसाळा संपल्यावर, भर पावसात जीप बंद असतात. ज्यांना धबधब्याखाली उभंच राहायचंय त्यांनी तेव्हा जावं, तो हक्काचा आणि कायदेशीर रस्ता आहे. आम्ही स्टेशनजवळच जेवलो, मासे आत्याला चालणार नव्हते, श्रावण होता, तेव्हा उरलेली भाकरी आणि हॉटेलातली सोलकढी. पोरानं प्लॅटफॉर्मवर झोप काढली. या वेळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

परतीची गाडी आली तेव्हा उजेड चांगला होता. आणि इथं मी ठामपणे सांगते की घाट फक्त उतरून घरी जाऊ नका, चढा. कुळ्याला गाडीच्या मागं बँकर लावतात, म्हणजे जादा इंजिनं, पुढचं ओढायला आणि मागची ढकलायला. ती लागताना डब्याला एक धक्का बसतो, आत्या म्हणाली, "लागला बँकर," न बघताच. उतरताना घाटाचा आवाज चाकांचा असतो, चढताना इंजिनांचा. पुढनं एक घरघर, मागनं दुसरी, बोगद्यात शिरलं की दोन्ही एक होऊन छातीत वाजतात. वळणावर खिडकीतनं बघितलं तर पुढचं इंजिन समोरच्या डोंगरावर दिसतं आणि शेवटचे डबे मागच्या. दुपारचं ऊन ढगाच्या फटीतनं दरीत पडलं होतं आणि धबधबा आता पूर्ण दिसला, टोकापासून. सकाळी ज्यांना ढग मिळाला त्यांना संध्याकाळी हे मिळतं, कधी उलटही होत असेल. मला विचाराल तर सकाळचाच जास्त आवडला, पोराला संध्याकाळचा.

वर चढताना एका स्टेशनात मालगाडी उभी होती, पावसात झाकलेले डबे. या लाईनवर मुरगाव बंदरातनं वर जाणारा कोळसा बराच असतो. कॅसलरॉक ते कुळे डबल लाईन करायचा बेत होता, त्यासाठी अभयारण्यातली झाडं जाणार होती, गोव्यात लोकांनी मोठं आंदोलन केलं आणि 2022 साली सुप्रीम कोर्टानं त्या कामाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. आमच्याकडं काही जण म्हणतात की डबल झाली असती तर बेळगावला गोव्याच्या गाड्या वाढल्या असत्या. गाड्या मलाही पाहिजेत, दिवसा घाट उतरणारी बेळगावहून एक सरळ गाडी असावी असं मला फार वाटतं. पण त्या डोंगराचा आणखी एक थर कापून नको. जी दरड कोसळते ती बहुतेक कापलेल्या कड्याचीच कोसळते, हे आत्यासारख्या माणसांना इंजिनिअरनं सांगावं लागत नाही.

कॅसलरॉकला परत थांबलो तेव्हा दिवेलागण होत आली होती. या वेळी आत्या उतरली. प्लॅटफॉर्मवर चार पावलं चालली, पाण्याच्या नळाशी गेली, हात धुतले, तोंडावरनं फिरवले, आणि तिथल्या एका स्टाफच्या माणसाला विचारलं की जुनी क्वार्टर्स आहेत काय अजून. तो म्हणाला काही आहेत, काही पडली, आता पावसात तिकडं जाऊ नका, उन्हाळ्यात या, मी दाखवतो. तेवढ्यात सिग्नल झाला.

तर दिवाळीनंतर आम्ही परत जाणार आहोत, या वेळी कॅसलरॉकला रीतसर उतरून, तिथं या गाड्या थांबतात आणि उतरायला मनाई नाही. कुणाला यायचं असेल तर वयस्कर माणसांसाठी एवढं लक्षात ठेवा : शाल घ्या, कारण उघड्या खिडकीत घाटात खरंच थंडी वाजते, गोळ्या-औषधं पर्समध्ये वरच ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत एक जादा कपड्यांचा जोड, आणि घरी आधीच सांगून ठेवा की दोनेक तास फोन लागणार नाही. खाणं घरनं न्या. लोंढ्याच्या शेंगा मात्र घ्याच.